तोरणातला रिपीटर

साडेचार मीटर म्हणजे नेमकं किती, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरात मोजलं तर पुढच्या दारापासून गॅसच्या शेगडीपर्यंत. मंडळाच्या रंगमंचावर मोजलं तर नायिकेच्या खुर्चीपासून विंगेपर्यंत. आणि डिजिटल व्हिडिओची केबल जिथं मान टाकते, तिथपर्यंत. भानुमतीकाकूंचा पलंग त्याच्याही पुढं साडेसोळा मीटर होता.

काकू आमच्या मंडळाच्या प्रॉम्प्टर. इंदूरच्या छत्रीबागेत गणेशोत्सवात सातव्या दिवशी मंडळाचं तीन अंकी नाटक होतं, आणि ते एक्केचाळीस वर्षं काकूंनी विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्ट केलं. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला त्या न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पाय ताणून बांधला, पलंगाच्या पायथ्याला कप्पी लावली, तिच्यावरून दोरी सोडली आणि दोरीला वजन लटकवलं. म्हणाले, सहा आठवडे हलायचं नाही. नाटक साडेचार आठवड्यांवर होतं.

मग दुसऱ्या कुणीतरी प्रॉम्प्टिंग करावं, असं इथं ज्यांच्या मनात आलं त्यांनी हौशी नाटकात काम केलेलं नाही. एक तर आमच्यात कुणाचंच पाठांतर नसतं. मी अकरा वर्षं नायक आहे आणि अकरा वर्षांत एक वाक्य पाठ केलेलं नाही. यात कुणी दोष मानत नाही. काकू असताना पाठ करणं हे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं. दुसरं, प्रॉम्प्टिंग म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. काकूंना दहा वर्षांपासून ऐकू कमी येतं. त्या ओठ बघतात, चेहरा बघतात. "माणूस अडला की शब्द द्यायचा नसतो," त्या म्हणतात, "अडणार असं तोंडावर दिसलं की द्यायचा." आणि त्यांचा एक नियम होता: प्रॉम्प्टिंग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचता कामा नये. पहिल्या दोन रांगांत मंडळाचे आजीव सभासद बसतात, त्यांना तसंही काही ऐकू येत नाही. म्हणून सगळी मोजणी तिसरीपासून. एक्केचाळीस वर्षांत तिसऱ्या रांगेतल्या एकाही माणसानं आपला आवाज ऐकलेला नाही, हे काकू ज्या अभिमानानं सांगतात, त्या अभिमानानं मी कुणाला पीएच.डी. सांगतानाही ऐकलेलं नाही.

तरी मंडळातल्या उषावहिनींना बसवून पाहिलं. त्या आम्ही अडायची वाट बघत. अडलो की पान शोधत. पान सापडलं की त्यातला विनोद वाचून आधी स्वतः हसत. पहिला अंक दोन तास चालला.

तेव्हा आमचे अध्यक्ष सुधाकरराव म्हणाले, "यंदा ऑर्केस्ट्रा ठेवू. एकच वर्ष. पुढच्या वर्षी बघू ना, अपना क्या जातंय?"

सुधाकरराव नाटकात नायकाच्या वडिलांचं काम करतात. त्यांचं मन नाटकात नाही, पोट आहे. ते आत घ्यावं लागतं.

ऑर्केस्ट्र्याची बातमी मीच काकूंना सांगितली. त्या छताकडे बघत होत्या. दुसरीकडे बघण्याची सोयच नव्हती.

"आमच्या यांच्या मिलच्या गेटावर पण असाच कागद लागला होता, शरद," त्या म्हणाल्या. "'कुछ समय के लिए.' बारा वर्षं झाली. कागद गेला पावसात. कुलूप आहे अजून. एक वर्ष खंड पडू दे, मग बघ. मला काय, मी इथं पडून पंख्याची पाती मोजीन."

पाती तीन होती. मी ती दोनदा मोजली आणि म्हणालो, "काकू, मी काहीतरी करतो." आमच्या मध्यमवर्गातला माणूस 'मी काहीतरी करतो' म्हणाला की ऐकणाऱ्यानं लगेच दुसऱ्या कुणाला तरी गाठावं. पण काकूंना माझे ओठ नीट दिसत होते आणि त्यांनी विश्वास ठेवला.

योजना साधी होती. मंडळाचा हॉल पहिल्या मजल्यावर, समोर गल्लीपलीकडे काकूंचं घर, तेही पहिल्या मजल्यावर. हॉलमध्ये कॅमेरा ठेवायचा, काकूंच्या पलंगासमोर पडदा. काकू नाटक बघतील, माइकमध्ये शब्द देतील आणि तो आवाज विंगेत येईल. कॅमेरा मंडळाला एका अमेरिकावासी सभासदानं भेट दिला होता. तो डिजिटल होता आणि आल्यापासून गणपतीच्या कपाटात बंद होता, कारण त्याची पुस्तिका उघडायला कुणी धजत नव्हतं.

पुस्तिका उघडली नीरजनं. नीरज आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पुण्याचा इंजिनिअर, पिथमपूरच्या कारखान्यात नोकरीला. इंदूरला येऊन वर्ष झालं होतं आणि पोह्यांवर शेव का, हा प्रश्न त्याला अजून पडत होता.

"काका, केबल साडेचार मीटरच जाते," त्यानं सांगितलं.

"आणि पाचव्या मीटरला?"

"काहीच नाही."

"म्हणजे मुंग्या येतील."

"नाही. मुंग्याही नाहीत. डिजिटल आहे. एक तर पूर्ण येतं, नाहीतर येतच नाही."

हे मला पटायला दोन दिवस लागले. माझी पिढी अँटिनाखाली वाढली. सिग्नल बिघडला की आधी मुंग्या येतात, मग चेहरे लांबतात, कुणीतरी गच्चीवर जातं, खालून 'आलं, आलं, गेलं' अशा हाका होतात, आणि शेवटी निम्म्या चेहऱ्यावर तडजोड होते. बिघडायलाही एक रीत होती. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. एक्क्याण्णवनंतर देशात आलेल्या मोकळ्या वाऱ्यांवर माझी चांगली चाळीस पानांची टिपणं आहेत. पण मुंग्या न दाखवता थेट काळं होणारी गोष्ट त्यांत नव्हती.

या टप्प्यावर रघुवीर म्हणाला, "सर, पिवळ्या पिनची साधी वायर टाका ना. पन्नास मीटर जाईल आरामात. थोड्या मुंग्या येतील, तो क्या हुआ भिया?"

रघुवीर त्याच मिलच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होता. मिल बंद झाल्यापासून लाउडस्पीकर भाड्यानं देतो. माझ्या टिपणांत गिरण्या बंद होण्याचा एक तक्ता आहे आणि रघुवीर त्यातल्या एका आकड्यात येतो. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आज हे कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी म्हणालो, "मुंग्यांमधून काकूंना ओठ कसे दिसतील?" नीरज म्हणाला, "ॲनालॉग म्हणजे एकदम आउटडेटेड." आणि ऑर्केस्ट्रावाले सुधाकररावसुद्धा म्हणाले, "भेट डिजिटल आलीय, तर वायर साधी बरी दिसत नाही." आमच्या मंडळात एकमत इतक्या वर्षांनी झालं होतं की रघुवीरचं ऐकून ते मोडणं जिवावर आलं.

मग मी सियागंजात गेलो. सियागंजात मिळत नाही अशी वस्तू नाही, फक्त आपल्याला हवी ती नसते. चौथ्या दुकानदारानं माझी साडेचार मीटरची केबल हातात धरून उलटसुलट केली आणि विचारलं, "भिया, लंबी करनी है? काट के जोड़ दो." पाचव्यानंही तेच सांगितलं. दोन स्वतंत्र तज्ज्ञांनी एकच निदान केलं की मध्यमवर्गीय माणूस ऑपरेशनला तयार होतो. मी एकीऐवजी दोन केबली घेतल्या आणि रघुवीरपुढं ठेवल्या.

त्यानं जोड दिला. मी आयुष्यात इतका सुंदर जोड पाहिलेला नाही. आतल्या सहा तारा, प्रत्येक तार वेगळी सोलून, वेगळा पीळ देऊन, वेगळी गुंडाळून. तुटलेले धागे सव्वीस वर्षं चालत्या मागावर सांधलेला हात होता तो. मी डोळे मिटून केबलीवरून बोट फिरवलं, जोड सापडला नाही.

सिग्नलला लगेच सापडला. पडदा काळा.

रघुवीर बराच वेळ त्या जोडाकडे बघत बसला. "कापड असतं तर पास झालं असतं," तो म्हणाला. मग बिडी प्यायला खाली गेला.

नीरजनं पुण्याहून कुणाकडून तरी चार रिपीटर मागवले. रिपीटर म्हणजे काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा. दर साडेचार मीटरला एक लावायचा.

"तो करतो काय?" मी विचारलं.

"काही नाही. मागून जे येतं ते जसंच्या तसं पुढं सांगतो. स्वतःचं काही नाही त्याचं."

हे काम मी अकरा वर्षं करत होतो. रिपीटर मला ताबडतोब समजला.

पाच केबली, चार डबे. पहिला हॉलमधल्या पंख्याच्या हुकाला. दुसरा हॉलच्या खिडकीत. चौथा काकूंच्या खिडकीत. तिसऱ्याची जागा मोजली तेव्हा ती गल्लीच्या मधोमध, हवेत निघाली. गल्ली साडेसहा मीटर रुंद आहे. ती साडेचार असती तर ही कथा इथंच संपली असती.

डबा दोरीवर टांगायचा म्हटलं, पण दोरी सार्वजनिक रस्त्यावरून जाणार. सुधाकरराव म्हणाले, "नगर निगमची परमिशन घ्या, नाहीतर अतिक्रमण होतं." मी झोन कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"यह लटकेगा क्या?"

"रिपीटर. डिजिटल व्हिडिओ का."

"किस मद में डालूँ? बैनर है?"

"नहीं."

"मूर्ति? झाँकी?"

"नहीं जी, डिब्बा है. इतना-सा."

"डिब्बे की मद नहीं है." त्यांनी रजिस्टरातल्या सदरांवरून बोट फिरवलं. ते माझ्यासाठी खरंच शोधत होते, हे सांगायला हवं. "देखिए प्रोफेसर साहब, गणेशोत्सव में रस्ते के ऊपर तीन चीज़ें हैं. बैनर, लाइटिंग, तोरण. बैनर पर रोक है. लाइटिंग के लिए बिजलीवालों का कागज़ लाइए. तोरण अभी दे देता हूँ."

अशा रीतीनं आमचा रिपीटर तोरण झाला. परवान्यावर तीन अटी होत्या. उंची चौदा फूट. तोरण आंब्याच्या पानांचं असावं. आणि सुकल्यावर ते तत्काळ हटवावं. मी तिन्ही अटींखाली सही केली. जगातल्या कुठल्याही इंजिनिअरनं इतक्या पानांत गुंडाळलेला डिजिटल सिग्नल पाहिला नसेल. हातोद गावाहून पानांची गोणी आली आणि रघुवीरनं डबा आतून असा बांधला की खालून फक्त हिरवंगार तोरण दिसावं. जोडाचा अपमान त्यानं तिथं धुऊन काढला.

आवाजाची वायर साधीच होती, ती एका दिवसात झाली. काकूंच्या उशाशी माइक, आणि विंगेत रघुवीरचा भोंगा. हा भोंगा मिलच्या युनियनचा. गेटवर थकबाकीच्या घोषणा देऊन देऊन त्याला एक प्रकारची घरघर लागली होती. बारा वर्षं ओरडलेल्या त्या भोंग्यातून काकूंची कुजबुज ऐकताना विचित्र वाटायचं. रघुवीरनं बटण अशा ठिकाणी आणलं की आवाज बरोबर दुसऱ्या रांगेला संपेल, आणि बटणाशेजारी तिथं खडूनं रेघ मारली.

तालमीच्या दिवशी नीरजनं काकूंसमोर आपला लॅपटॉप ठेवला, खिडकीतून हात हलवला आणि चित्र आलं. पूर्ण. एकही मुंगी नाही. भोंग्यातून काकूंचा हळू आवाज आला.

"शरद, तू जाड झालास रे. विंगेतून कडेनं दिसायचास, कळलं नाही कधी."

सगळे हसले. मग काकूंनी शब्द दिला, मी घेतला, आणि पहिला अंक पन्नास मिनिटांत झाला. शेवटी भोंगा थोडा वेळ नुसता घरघरला आणि मग काकू म्हणाल्या, "पंख्यापेक्षा बरं आहे." सुधाकररावांनी ऑर्केस्ट्र्याचा विषय वहीत 'स्थगित' असा लिहिला.

सातव्या दिवशी सहा वाजता पडदा उघडला. हॉल भरलेला. पहिला अंक असा झाला की तिसऱ्या रांगेतून दाद आली. दुसरा सुरू झाला. इथून पुढचं जे गल्लीत घडलं ते मला मागाहून बायकोकडून कळलं, कारण मी रंगमंचावर माझं सहा मिनिटांचं स्वगत घेत होतो. ते स्वगत म्हणजे नाटकाचा प्राण. नाटकाचं नाव सांगत नाही, नाटककाराचे वारस हयात आहेत.

सुनीता, माझी बायको, काकूंजवळ बसली होती. खालून हाक आली म्हणून ती खिडकीत गेली. खाली निगमचे दरोगा, म्हणजे स्वच्छतेचे निरीक्षक, हातात माझ्या परवान्याची प्रत.

"मैडम, तोरण सूख गया है. शर्त नंबर तीन. उतारना पड़ेगा."

पानं चार दिवसांची होती, कोमेजली होती, यात वाद नाही. दरोगांबरोबर शिडी घेतलेला माणूस होता आणि त्यानं शिडी लावलीही होती. सुनीता कायदा पाळणारी बाई आहे.

"भैया, रुको, अभी हरा कर देती हूँ!" ती म्हणाली, आणि तांब्याभर पाणी खिडकीतून तोरणावर फेकलं. घाईत तिला पानं तेवढी दिसली, डबा आठवला नाही. यात तिचा दोष नाही. ते रघुवीरच्या बांधणीचं यश होतं. दरोगा म्हणाले, "अब ठीक है," आणि शिडी काढली. सुनीता त्यांना प्रसाद द्यायला खाली गेली.

रंगमंचावर मी म्हणत होतो, "बाबा, ज्या घरात..." आणि पुढचा शब्द आला नाही.

मी थांबलो. अर्थपूर्ण थांबलो. असं थांबणं आठदहा सेकंद अर्थपूर्ण दिसतं. पंधराव्या सेकंदाला मी खिडकीबाहेर पाहिलं. तोरणातून पाणी ठिबकत होतं. पानं फार टवटवीत दिसत होती.

काकूंसमोर पडदा काळा झाला होता. आता, काकू ज्या काळातल्या आहेत, त्या काळात पुण्याला ट्रंक कॉल लागला की माणूस पुण्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचा. चित्र दिसत नाही, म्हणजे लाइन कमजोर झाली. लाइन कमजोर, म्हणजे आवाज वाढवायचा. आपला आवाज किती मोठा झाला, हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता.

"ज्या घरात," भोंगा गरजला, "आईच्या हातचा दिवा विझला, त्या घराच्या किल्ल्या घेऊन मी काय करू!"

भोंग्यानं बारा वर्षांत इतकं स्पष्ट मराठी ऐकवलं नव्हतं. मागची रांग दचकली. आजीव सभासद आनंदानं एकमेकांकडे बघू लागले. इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच नाटक ऐकू येत होतं. मी ओठ हलवायला लागलो. पण काकू थांबत नव्हत्या. आम्ही दिसत नव्हतो, तेव्हा आमच्यासाठी थांबायचं कसं? त्या माझं बोलल्या, सुधाकररावांचं बोलल्या, नायिकेचं बोलल्या. पाच माणसांचे पाच आवाज. एक्केचाळीस वर्षं दोन रांगांत मावतील इतके बारीक ठेवलेले आवाज होते ते. आम्ही कुठं चुकतो तेही त्यांना न बघता माहीत होतं. मधेच भोंगा म्हणे, "शरद, उजवीकडे," आणि मी डावीकडून परत येई. "सुधाकर, पोट," आणि सुधाकरराव पोट आत घेत.

स्वगताच्या चौथ्या मिनिटाला मी ओठ हलवणं बंद केलं. पुढं टाकलेला पाय मागे घेतला. माणसानं आपली जागा ओळखावी. मी ती साडेचार मीटरच्या अंतरात ओळखली.

रघुवीर विंगेत बटणापाशी उभा होता. खडूची रेघ त्याच्या नाकासमोर होती. मी डोळ्यांनी खूण केली, कमी कर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हात मागे बांधले आणि मान हलवली, नाही. सुनीताही काकूंना थांबवायला जिना चढून गेली होती. दारातच उभी राहिली. काकू डोळे मिटून बोलत होत्या, म्हणाली, आणि दोरीचं वजन हळूहळू हलत होतं.

काकूंनी मध्यंतर घेतलंच नाही. तिसऱ्या अंकात वडील किल्ल्या परत मागतात तेव्हा हॉलमध्ये नाकं ओढल्याचा आवाज येत होता. गल्लीत खाली दरोगा प्रसाद हातात धरून उभे होते, असं म्हणतात. शेवटचं वाक्य झालं. भोंगा घरघरला आणि म्हणाला, "पडदा."

रघुवीरनं पडदा पाडला. टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी मोजलं नाही. त्या आमच्यासाठी नव्हत्या, त्यामुळे मोजण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. विषय एकच, काकूंना कोण सांगणार. प्रॉम्प्टरचा आवाज अख्ख्या हॉलनं ऐकणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? नीरज म्हणाला, "पण लोकांना तर प्रचंड आवडलं!" त्याला समजावणं अवघड होतं. त्याला अजून शेवेचंच कोडं होतं. शेवटी ठराव झाला की कुणीच सांगायचं नाही. गल्लीला कळवलं. पोहेवाल्याला कळवलं. दरोगांनाही सांगितलं, तर ते म्हणाले, "हमने क्या सुना? हम तो तोरण देखने आए थे." आणि पुढच्या वर्षीचं नाटक सर्वानुमते मंजूर झालं. सूचक, सुधाकरराव.

काकूंकडे जायचं काम माझ्याकडे आलं. त्या छताकडे बघत पडल्या होत्या, थकलेल्या, पण चेहरा धुतल्यासारखा.

"पडदा मधेच काळा झाला रे," त्या म्हणाल्या. "मला काही दिसेना. अंदाजानं देत गेले. अडलात का कुठं?"

"नाही काकू. एकदाही नाही."

"या वेळी पाठ केलं होतंत वाटतं." त्यांना बरं वाटलं, आणि जरा वाईटही. मग त्यांनी मान वळवता येईल तितकी वळवली आणि माझ्या ओठांकडे रोखून पाहिलं. "खरं सांग, शरद. माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला नाही ना?"

मला सवय होती. मी दोन क्षण थांबलो, विंगेतून कुणी काही देतं का बघत. कुणी काही देईना.

"छे," मी म्हणालो. "दुसरीतसुद्धा कुणाला ऐकू आला नाही."

काकू समाधानानं छताकडे वळल्या. अकरा वर्षांत प्रॉम्प्टिंगशिवाय घेतलेलं माझं ते पहिलं वाक्य.